'बसा' म्हणाल्या उत्तराताई

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि 'निवांत' समुपदेशन केंद्राचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय यज्ञेश्वरराव क्षेमकल्याणी. ज्यांच्या औषधांशिवाय आमच्या नुसत्या शब्दांचं फारसं चाललं नसतं, असे आपले प्रमुख पाहुणे, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर महेश बोरस्ते. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आणि ज्यांना हा हारतुऱ्यांचा घाट मुळीच नको होता, त्या सत्कारमूर्ती उत्तराताई पाराशरे. केंद्रातले माझे सहकारी. आणि समोर बसलेल्या, तसंच खुर्च्या कमी पडल्यामुळं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

जे उभे आहेत त्यांना मी आत्ता 'बसा' म्हणणार होते. पण आजच्या दिवशी हा शब्द मला जरा जपून वापरायचाय. का, ते थोड्या वेळात कळेलच.

आमची सूत्रसंचालिका यशश्री हिनं मला चिठ्ठी दिलीय. चिठ्ठीवर एकच शब्द, 'थोडक्यात', आणि त्याच्याखाली दोन रेघा. यशश्री, बाळा, तू मला इतकी वर्षं ओळखतेस. कशाला गं कागद वाया घालवलास?

मी उज्वला अहिरराव. 'निवांत'मध्ये उत्तराताईंच्या हाताखाली समुपदेशक म्हणून तयार झाले. म्हणजे तयार झाले असं त्या म्हणतात, मी अजून म्हणत नाही. मूळची मी मालेगावची. यंत्रमागाच्या खटखटीत वाढलेली. आमच्याकडं शेजारी बसलेल्याला मीठ मागायचं तरी ओरडून मागतात. त्यामुळं माझा आवाज मोठा, आणि राग आवाजाहून मोठा. अशी बाई समुपदेशनाच्या कामाला लागावी, हाच मुळात एक विनोद होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका ताईंची कहाणी ऐकता ऐकता मी त्यांच्या आधी रडायला लागले. त्या बिचाऱ्या स्वतःचं दुःख बाजूला ठेवून मला पाणी आणायला उठल्या.

आणि आमचं केंद्र तरी कुठं? द्वारका चौकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर. खाली मुंबई-आग्रा रस्त्याचे ट्रक, सिन्नरकडं जाणारे टेम्पो, रिक्षावाल्यांची भांडणं आणि एक टायर पंक्चरवाला. अशा ठिकाणी ज्यांनी 'निवांत' अशी पाटी लावली, त्या विश्वस्तांच्या विनोदबुद्धीला माझा दंडवत. यज्ञेश्वरराव, आपण हसताय, म्हणजे ती पाटी आपणच सुचवली असणार.

त्या गोंगाटात उत्तराताई रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आधी खोलीच्या कोपऱ्यात एक काळी घोंगडी टाकून बसायच्या. डोळे मिटून, पाठ ताठ, चेहऱ्यावर काही नाही. मी आपली दारातून डोकवायची. एकदा न राहवून विचारलं, "ताई, मंत्र कोणता असतो?" म्हणाल्या, "मंत्र नाही गं. श्वास येतो, जातो. मी बघते." मी म्हटलं, "एवढंच?" "एवढंच." "आणि हे हॉर्न?" "तेही येतात, जातात."

मला वाटलं, बाई माझी फिरकी घेतायत.

एक माणूस बोलून गेला की दुसऱ्याला आत बोलवायच्या आधी त्या दार लोटून पुन्हा जरा वेळ बसायच्या. बाहेर लोक खोळंबलेले. मी चुळबुळ करायची. तर म्हणायच्या, "उज्वला, आधीच्याचं उष्टं ताट पुढच्याच्या समोर ठेवायचं नसतं. घासून घ्यायला वेळ लागतो." माझं काय व्हायचं? सगळ्या दिवसाची खरकटी ताटं मी घरी घेऊन जायची. घास गिळायचा नाही. आई विचारायची, "काय व्हयनं तुले?" आता काय सांगू? ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा धर्म. मी गप्प बसायची, आई आणखी घाबरायची. मध्ये एक काळ असा आला की मी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. आणि मनात एक अढीही होती. मला वाटायचं, या बाईंचं बरंय, यांच्या काळजाचा दगड झालाय. दगडाला कसलं आलंय दुखणं?

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती खरं तर सांगता येत नाही. पण ज्यांची गोष्ट आहे ते दोघंही इथं तिसऱ्या रांगेत बसलेत. चांदवडचे केरूभाऊ आणि त्यांच्या पत्नी सिंधुबाई. मी परवानगी मागितली, तर सिंधुबाई म्हणाल्या, "नावानिशी सांगा. आडून आडून सांगितलं, तर मीच येऊन माईक घेईन." त्यामुळं नावानिशी सांगते.

केरूभाऊ ट्रकचालक. चांदवडहून कांदा भरायचा आणि पार गुवाहाटीपर्यंत न्यायचा. माणूस मनानं हळवा, हातानं गुणी. पण दारू लागली. मालकानं गाडीवरून उतरवलं. दिवसभर घरी, संध्याकाळी अड्ड्यावर. सिंधुबाईंनी त्यांना अक्षरशः दंडाला धरून 'निवांत'मध्ये आणलं. उत्तराताईंनी सगळं ऐकून घेतलं, डॉक्टर बोरस्त्यांकडं पाठवायचं ठरलं, आणि निघता निघता त्या म्हणाल्या, "केरूभाऊ, औषध डॉक्टर देतील. तुम्ही एक करा. रोज थोडा वेळ बसत जा. मन शांत होईल."

केरूभाऊंनी डोळे मोठे केले. म्हणाले, "रोज?"

"रोज."

"कवा बसू?"

ताई म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात चांगलं."

"सकाळीच?" केरूभाऊंचा विश्वास बसेना. "एकट्यानंच?"

"एकट्यानंच. सोबत कुणी असलं की उगाच बडबड होते."

हसा, हसा! केरूभाऊ स्वतःच हसतायत. ज्यांना कळलं नाही त्यांनी शेजारच्या पुरुषमाणसाला विचारावं. अहो, आपण नाशिककर! आपल्याकडं कुणी मित्राला नुसतं म्हटलं, "काय, बसायचं का आज?" की समोरच्याचा चेहरा उजळतो. कुठं बसायचं, काय घेऊन बसायचं, हे सांगावं लागत नाही. शब्द एकच. पण उत्तराताई पंचवटीतल्या पाराशऱ्यांच्या घरच्या. त्यांच्याकडं माणूस संध्येला बसतो, जपाला बसतो, फार तर जेवायला बसतो. त्यांना काय कल्पना!

केरूभाऊ घरी गेले आणि डॉक्टरांकडं जायच्या ऐवजी मोठ्या निष्ठेनं सकाळी उठल्या उठल्या बसू लागले.

आठवड्यानं सिंधुबाई आल्या. जिना चढतानाच आवाज ऐकू आला. "कुठं हाय ती बाई? माझा नवरा रातीचा पीत व्हता, हिनं त्याला सकाळपासून बसवला! अन् वर मला सांगतो, बाईंनी सांगितलंय, मन शांत होतंय!"

मी आधी ओढणी तोंडात कोंबली, कारण हसू आवरेना. पण मग सिंधुबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला आणि माझं टाळकं सरकलं. सिंधुबाईंनी ताईंचं शिक्षण काढलं, वय काढलं, "तुमच्या घरात असा असता म्हंजे कळलं असतं" इथपर्यंत गेल्या. मी मध्ये पडणार, तेवढ्यात ताईंनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी मागं सरले. ताईंनी सगळं ऐकलं. बचाव नाही, 'तसं नव्हतं हो' नाही. सिंधुबाईंचा दम संपला तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "चूक माझी आहे. तुमच्या घरात 'बसणं' म्हणजे काय, हे मी विचारायला हवं होतं."

सिंधुबाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. समोरून भांडण आलंच नाही. मग त्या खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, एकडाव आणखी बघते. तुमच्याकडं बघून. पण यापुढं एकदा जरी बसला ना, तर मी पोरींना घेऊन सटाण्याला भावाच्या घरी जाईन. परत त्याचं तोंड बघायची नाय." आणि सिंधुबाई बोलल्या की करतात. हे केरूभाऊंना माहीत होतं, म्हणून हे कानावर पडताच ते मुकाट डॉक्टरांकडं गेले.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. डॉक्टरसाहेबांनी औषधं नीट लावली. केरूभाऊ दर आठवड्याला येऊ लागले, आणि ताईंनी त्यांना खरंखुरं बसायला शिकवलं. सुरुवातीला ते चार श्वास झाले की एक डोळा उघडून विचारायचे, "झालं का?" हळूहळू जमायला लागलं. एका नातेवाइकाचा छोटा टेम्पो चालवायला घेतला. घरात हसणं परत आलं. ताईंनी एकदा त्यांना इगतपुरीकडच्या ध्यान शिबिरांबद्दल सांगितलं, दहा दिवस मौन वगैरे. केरूभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, दहा दिस बिनबोलता? मेल्यावर बसेन की तसा." विषय तिथंच संपला.

असं आम्हाला वाटलं.

मग द्राक्षछाटणीच्या दिवसांत एका सकाळी सिंधुबाई दारात. काखेत कपड्यांची पिशवी, दोन्ही पोरी मागं, चेहरा असा की मी उठूनच उभी राहिले. म्हणाल्या, "चालले मी सटाण्याला. तुम्हाला सांगून जायाचं म्हून नाशकाला आले. तुमी लय केलं. पण तो गेला."

"गेला म्हणजे?"

"बसायला गेला. दहा दिस! फोन बी बंद."

मंडळी, खरं सांगते, माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. म्हटलं, एवढ्या महिन्यांचं सगळं मातीत घातलं या माणसानं! मी सिंधुबाईंना म्हणाले, "जा ताई, खुशाल जा, मी गाडीत बसवून देते." हे आम्ही म्हणायचं नसतं. ठरवायचं त्यांनी असतं. पण मालेगावची जीभ माझी, ती कुणाचं ऐकते?

ताई आतून आल्या. पोरींना पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सिंधुबाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि अगदी कोणत्या शब्दांत?"

"माझ्या दिरानं, पुंज्यानं. फाटेपहाटे त्याच्याकडं गेला अन् बोलला, 'वयनीला सांग, मी दहा दिस बसायला चाललो, फोन लागायचा नाय, काळजी करू नको.' मला तोंड दाखवायची बी हिंमत झाली नाय त्याला."

ताई म्हणाल्या, "कुठं बसायला?"

"ते काय इचारायचं असतंय व्हय?"

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं, पण उशिरा. मी ताईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता या सांगतील, अहो, तो शिबिराला गेलाय, घरी जा निवांत. त्यांनी तसं सांगितलं नाही. शिबिराच्या ठिकाणी फोन लावला. तिथं कोण आलंय, कोण नाही, हे फोनवर सांगत नाहीत. मग त्या सिंधुबाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, तो ध्यानाला गेला असेल. प्यायला गेला असेल. मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही. जायचं की राहायचं, हे आज ठरवू नका. कळल्यावर ठरवा."

"आन् तोवर काय करू मी?"

ताईंनी कोपऱ्यातल्या घोंगडीकडं हात केला. म्हणाल्या, "बसा."

सिंधुबाई बघतच राहिल्या. ज्या शब्दानं घर मोडायला काढलं होतं, तोच शब्द! मला वाटलं, आता पिशवी उचलून त्या ताईंच्या अंगावर फेकतात की काय. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. घोंगडीवर बसल्या. शेजारी ताई बसल्या. खाली एक ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. सिंधुबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. पोरी माझ्या टेबलापाशी बिस्किटं खात होत्या. मी मात्र ताईंकडं बघत होते, कारण मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की त्यांनी घोंगडीची कड मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

दुपारी सिंधुबाई उठल्या. म्हणाल्या, "चांदवडलाच जाते. वाट बघते." आणि गेल्या.

त्या गेल्यावर मी ताईंना विचारलं, "तुम्हाला खात्री होती ना, तो शिबिराला गेलाय म्हणून?" तर म्हणाल्या, "छे गं! पोटात गोळा आला होता. पीत बसला असता तर? माझ्याच शब्दावर ती थांबली ना?" मी म्हटलं, "मग एवढ्या शांत कशा राहिलात?" म्हणाल्या, "शांत कुठं होते? गोळा होता. तो घेऊनच बसले. त्याला तिच्या अंगावर जाऊ दिलं नाही, एवढंच."

उत्तराताई, तुम्ही खाली मान घातली तरी मी हे सांगणार आहे. त्या दिवशी माझ्या मनातला तो दगड फुटला. मला वाटत होतं, यांना दुखत नाही. अहो, यांना माझ्याइतकंच दुखत होतं! फरक इतकाच की मी दुखलं की धावत सुटते, आणि या बसून राहतात. पुस्तकात याला समत्व म्हणतात. ताईंना हा शब्द आवडत नाही. म्हणतात, फार इस्त्रीचा शब्द आहे, रोज वापरायला जमत नाही. आपला साधा 'बसणं' बरा. आणि बघा ना, आपल्या मराठीत काय काय बसतं! धक्का बसतो, भीती बसते, घसा बसतो. पण घडीही बसते, जम बसतो, विश्वाससुद्धा बसतोच. पुराचं गढूळ पाणी कळशीत भरून ठेवलं की आपण काय करतो? ढवळत नाही. गाळ खाली बसू देतो.

त्या वेळी मात्र आमचा कुणाचाच गाळ खाली बसत नव्हता. सिंधुबाईंचा रोज फोन यायचा. "काय कळलं?" "नाही." "बरं." आणि ठेवायच्या. राजीनामा माझ्या मनातून निघून गेला होता. मला फक्त केरूभाऊ हवे होते, शिव्या घालायला का होईना!

आणि मग एका दुपारी केरूभाऊ आले. इगतपुरीच्या बसमधून द्वारकेला उतरले, चांदवडची गाडी धरायच्या आधी जिना चढून सरळ वर. दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली, डोळे मात्र धुतल्यासारखे. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, बसून आलो."

मी काय केलं असेल? मी जवळ गेले आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला! हो, घेतला. समुपदेशनाच्या कुठल्याच अभ्यासक्रमात हे शिकवत नाहीत. केरूभाऊ दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "मॅडम, काय करता! तिथं साधा तमाखूचा इडा मिळंना, अन् तुमी वास काय घेता?"

ताई हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग विचारलं, "बायकोला सांगून का नाही गेलात?" केरूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "जमंल का नाय, ठाव नव्हतं. मधूनच पळून आलो असतो, तर तिला आणखी एक खोटं पदरात पडलं असतं. म्हून म्हटलं, आधी बसून दावू."

मी चांदवडला फोन लावून दिला. मला वाटलं, आता इकडंपर्यंत ऐकू येईल असा भडिमार होणार. पण पलीकडून सिंधुबाईंचा आवाज आला, "जेवलाय का तो?"

बस. एवढंच विचारलं त्यांनी.

मंडळी, मी तुम्हाला साखरेचा पाक पाजणार नाही. त्यानंतर केरूभाऊ एकदा घसरले. एका लग्नात. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि सोबत सिंधुबाई होत्या. पिशवी नव्हती. त्याला आता वर्ष उलटून गेलं. काल मी सिंधुबाईंना फोनवर विचारलं, "आता भीती वाटत नाही ना?" तर म्हणाल्या, "वाटती की! उद्याचं मला काय म्हाईत? पण सकाळी उठते, तर तो भिंतीकडं तोंड करून बसलेला असतो. मग मी बी शेजारी बसते. च्या मागनं ठेवते."

सिंधुबाई, तुमचं हे वाक्य मी माझ्याजवळ ठेवून घेतलंय.

उत्तराताईंना सगळे विचारतायत, निवृत्तीनंतर काय करणार? त्या म्हणतात, "बसणार." क्षेमकल्याणी साहेब, घाबरू नका, केरूभाऊंच्या पहिल्या अर्थानं नाही!

परवा त्यांनी कपाट आवरलं. जाताना काळी घोंगडी झटकली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "ताई, मला नाही हो जमणार. माझा राग, माझं रडणं, सगळं तसंच आहे." म्हणाल्या, "असू दे. त्यालाही घेऊन बस."

हे सांगताना मला रडू येतंय, तर येऊ दे. ताई, तुम्ही मला रडणं थांबवायला शिकवलं नाहीत, ते बरं केलंत.

आपण सर्वांनी माझी ही लांबण गोड मानून घेतली, अध्यक्षांनी घड्याळाकडं एकदाही पाहिलं नाही, केरूभाऊ आणि सिंधुबाईंनी आपलं घर आमच्यासमोर उघडं केलं, त्याबद्दल मी आपणां सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मालेगावच्या मागावर विणलेलं कापड आहे, एखादा धागा जाडाभरडा येणारच, असं म्हणून पोटात घाला. यशश्री, तुझी चिठ्ठी परत घे.

आणि उत्तराताई, उद्या सकाळी द्वारकेला तेच हॉर्न असतील. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजतील, कदाचित चपला न काढताच कुणी भांडायला येईल. माझ्या पोटात गोळा असेल. कोपऱ्यात तुमची घोंगडी असेल. तुम्ही काळजी करू नका.

मी बसते.